गायकवाडांचा जगप्रवास : बडोद्याला काय मिळालं, घराला काय पडलं

बडोद्याच्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांवर जाड काचेची फरशी आहे. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचावा आणि पुस्तकांजवळ दिवे लावायला लागू नयेत, म्हणून ही सोय. पुस्तकांची कपाटं पोलादी आहेत. लाकडी असती तर वाळवी आणि आग, दोन्हींची भीती. ही इमारत १९३१ ची. पाहायला येणारे लोक काचेच्या फरशीचे फोटो काढतात आणि निघून जातात. पण ही कल्पना बडोद्यात आली कुठून, कोण घेऊन आलं आणि ती इथे टिकली कशी, हे प्रश्न फारसं कोणी विचारत नाही.

त्याचं उत्तर शोधत गेलं की आपण एका कुटुंबाच्या प्रवासापाशी येऊन पोचतो. सयाजीराव महाराज (तिसरे), महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) आणि त्यांची मुलं. १८८७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं हे कुटुंब जग फिरत होतं. महाराजांच्या परदेशवाऱ्या वीसच्या वर भरतात. पूर्वीचे राजे तीर्थयात्रेला किंवा शिकारीला जात. पण बायकामुलांसह इतकी वर्षं, इतक्या देशांत, वही-पेन्सिल घेऊन हिंडणारं दुसरं मराठी घराणं त्या काळात मला तरी सापडत नाही.

महाराजांच्या दौऱ्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय, पण त्यात एक तर आरती असते नाही तर बग्गी-दागिन्यांच्या गोष्टी. मी मूळचा इंजिनिअर. माझी सवय वेगळी. एखादी गोष्ट बाहेरून आणली तर ती चालली का, किती दिवस चालली, किती पडली, हे बघायचं. तोच हिशोब इथे मांडतो.

पहिली बोट, १८८७

सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, गोपाळराव. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक आले आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा वय अठरा. पुढची पाच-सहा वर्षं त्यांनी इतकं काम ओढलं की झोप उडाली आणि तब्येत ढासळली. मधल्या काळात, १८८५ मध्ये पहिल्या पत्नी चिमणाबाई (तंजावरच्या लक्ष्मीबाई) गेल्या होत्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी लग्न झालं, त्याच चिमणाबाई दुसऱ्या. डॉक्टरांनी हवापालट सांगितला आणि १८८७ मध्ये महाराज पहिल्यांदा युरोपला निघाले. महाराणी बरोबर होत्या, पण गोष्यात.

आज यात काही विशेष वाटत नाही. पण तो काळ आठवून बघा. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं मानणारे लोक गल्लोगल्ली होते. आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई १८८३ साली परदेशी गेल्या तेव्हा केवढा गहजब झाला, ते सर्वांना ठाऊक आहे. समुद्राचं सोडाच, १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. राजाला बहिष्कृत करणं सोपं नसतं हे खरं, पण राजाकडे सगळ्यांचे डोळे असतात हेही तितकंच खरं. बडोद्याच्या महाराजांनी आणि महाराणींनी समुद्र ओलांडला, ही बातमी कितीतरी मराठी घरांतल्या मुलांना पुढे उपयोगी पडली असणार.

त्या दौऱ्यात व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, मानमरातब मिळाले. पण बडोद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. तब्येतीसाठी गेलेला माणूस शाळा, म्युझियम, कारखाने बघून परत आला आणि पुन्हा पुन्हा जायला लागला.

आधी अमरेली, मग राज्य

पहिला मोठा नमुना शिक्षणाचा. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं १८८० साली आणि बहुतेक शाळांतली फी उठली १८९१ मध्ये. म्हणजे तिथेही ही गोष्ट नवीनच होती. बडोद्यात १८९३ साली अमरेली शहर आणि आसपासच्या नऊ गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहाच्या. मुलींनाही सक्ती, हे लक्षात घ्या.

आता यातली पद्धत बघा. एकदम सगळ्या राज्याला हुकूम सोडला नाही. एक कोपरा घेतला आणि तेरा वर्षं तो चालवून बघितला. शिक्षक मिळतात का, पालक दंड भरतात की मुलं पाठवतात, शेतीच्या दिवसांत हजेरी किती घसरते, हे सगळं प्रत्यक्ष दिसलं. त्यानंतर १९०६ मध्ये सक्ती राज्यभर लागू झाली. आम्ही कारखान्यात याला पायलट प्लांट म्हणतो. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं, तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्या हाताशी होतं. बिल पडलं, पण ‘हिंदुस्थानात हे होणारच नाही’ असं म्हणायची सोय उरली नव्हती.

माणसं आणली

प्रवासात महाराजांचं लक्ष वस्तूंइतकंच माणसांवरही असे. १८९२ च्या सुमारास लंडनमध्ये एक तरुण बंगाली विद्यार्थी त्यांना भेटला. केंब्रिजला शिकलेला, आयसीएसच्या घोडेस्वारीच्या परीक्षेमुळे बाहेर पडलेला. १८९३ च्या फेब्रुवारीत तो बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला. ते अरविंद घोष. तेरा वर्षं ते इथे होते.

दुसरी दिशाही होती. गो. स. सरदेसाई १८८९ पासून बडोद्यात महाराजांच्या पदरी होते. राजपुत्रांना शिकवणं आणि महाराजांना वाचून दाखवणं हे त्यांचं काम. महाराजांबरोबर ते युरोपलाही गेले. मुलांना इतिहास शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच पुढे ‘रियासत’ उभी राहिली. पहिली ‘मुसलमानी रियासत’ १८९८ ची. मराठी इतिहासलेखनाचा एवढा मोठा प्रकल्प एका फिरत्या कुटुंबाच्या शिकवणीतून निघाला, हे आपण मराठी वाचक सहसा विसरतो.

१९०६ साली महाराज अमेरिकेत गेले. तिथून व्हिटेनॅक नावाचे गृहस्थ राज्याचे आर्थिक सल्लागार म्हणून बडोद्यात आले. व्यापारी, सावकार आणि दरबार यांना एकत्र आणून बँक उभी करण्याच्या कामात त्यांचा हात होता. बँक ऑफ बडोदा २० जुलै १९०८ रोजी सुरू झाली.

बोर्डन आणि पुस्तकांच्या पेट्या

आता येऊ सेंट्रल लायब्ररीकडे. १९१० चा दौरा या कुटुंबाचा खरा जगप्रवास. आधी पूर्वेकडे जपान, तिथून पॅसिफिक ओलांडून अमेरिका, मग युरोप, असा पृथ्वीला पूर्ण वळसा. महाराणी आणि राजकन्या इंदिरा बरोबर होत्या. मधले चिरंजीव जयसिंहराव तेव्हा हार्वर्डमध्ये शिकत होते.

अमेरिकेत महाराजांनी सार्वजनिक ग्रंथालयं बघितली. तिथे लायब्ररी म्हणजे विद्वानांची खोली नव्हती. हमाल, शाळकरी पोरं, घरकाम करणाऱ्या बायका, कोणीही यावं आणि पुस्तक घरी न्यावं. महाराजांच्या डोक्यात लगेच अमरेली आली असावी. कारण शाळा काढल्या, मूल चार यत्ता शिकलं आणि मग गावात वाचायला काहीच नसलं, तर शिकलेलं पुसून जातं. शाळेला लायब्ररीची जोड हवी.

कनेक्टिकट संस्थानातल्या न्यू हेवन गावचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना त्यांनी बडोद्यात बोलावलं. बोर्डन १९१० ला आले आणि १९१३ ला परत गेले. तीनच वर्षं. राजवाड्यातला वीस हजारांच्या आसपासचा ग्रंथसंग्रह महाराजांनी देऊन टाकला आणि त्यावर सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. पण बोर्डन यांनी तीन वर्षांत जे केलं त्यातलं सगळ्यांत मोलाचं काम मला इमारतीत किंवा पुस्तकांत दिसत नाही. त्यांनी १९११ मध्ये इथल्या माणसांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. म्हणजे आलेल्या माणसाने पहिल्या दिवसापासून आपल्या जाण्याची तयारी केली. बोर्डन गेल्यावर खातं बंद पडलं नाही.

गावांसाठी दोन योजना होत्या. एक, फिरत्या पेट्या. लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरायची आणि गावाला पाठवायची. गावाने वाचून परत केली की दुसरी पेटी. वाहतुकीचा खर्च सरकारचा. दुसरी योजना, गावाने स्वतःची लायब्ररी काढायची. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच पंचायतीकडून आणि तेवढीच सरकारकडून. एक तृतीयांश वाटा गावाचा. फुकट मिळालेल्या वस्तूला कोणी जपत नाही, ही साधी गोष्ट या योजनेत नीट बसवलेली आहे. मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरून ही चळवळ वाढवत राहिले. अमेरिकेचा नमुना, पण चालवणारा माणूस चरोतरचा.

आम्ही इंजिनिअर लोक टेक्नॉलॉजी ट्रान्सफर असा मोठा शब्द वापरतो. मशीन विकत आणता येतं. ते दुरुस्त करणारा माणूस विकत आणून भागत नाही, तो तयार करावा लागतो. बडोद्यात बाहेरून आलेल्या ज्या गोष्टी टिकल्या, त्या सगळ्यांत हे चार धागे दिसतात : आधी लहान प्रयोग, बाहेरचा माणूस ठरावीक मुदतीपुरता, त्याच्या हाताखाली स्थानिक माणूस तयार करणं आणि लोकांचा स्वतःचा पैसा. प्रवासातून शिकायचं कसं, याचं एवढं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

एक मात्र सांगितलं पाहिजे. बडोद्यात जे जे चांगलं ते परदेशवारीतून आलं, असं समजायचं कारण नाही. शहराला पाणी देणाऱ्या आजव्याच्या तलावाचं काम १८८५ मध्येच सुरू झालं होतं, पहिल्या बोटीच्या दोन वर्षं आधी, आणि त्याचे इंजिनिअर जगन्नाथ सदाशिवजी इथलेच. १८९० मध्ये कलाभवन निघालं त्यामागे त्रिभुवनदास गज्जर यांचं डोकं होतं. प्रवासाने महाराजांना नजर दिली, पण करून दाखवणारी माणसं घरात होती म्हणून ती नजर उपयोगी पडली.

महाराणींचा प्रवास

चिमणाबाईंचा प्रवास हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. पहिल्या दौऱ्यात गोष्यात बसलेली ही बाई पुढच्या पंचवीस वर्षांत कुठे पोचली बघा. १९११ मध्ये लंडनला त्यांचं एक इंग्रजी पुस्तक निघालं, हिंदी समाजातल्या स्त्रियांच्या स्थानाबद्दल. सहलेखक एस. एम. मित्र. युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये बायकांसाठी कोणत्या संस्था आहेत, कोणते धंदे बायका करतात आणि त्यातलं आपल्याकडे काय जमेल, असा त्या पुस्तकाचा रोख. नुसतं ‘तिकडे किती छान’ असं नाही. शेती, घरगुती उद्योग, संस्था चालवणं, असे उपजीविकेचे विषय. बडोद्यातलं चिमणाबाई स्त्री उद्योगालय याच विचारातलं. पुढे त्यांनी गोषा सोडला, आणि १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा अध्यक्ष त्याच होत्या.

जपानचा या सगळ्यात मोठा वाटा असावा असं मला वाटतं. युरोप बघून आलेल्या माणसाला ‘ते गोरे आहेत, त्यांना जमतं’ असं म्हणता येतं. जपान बघितल्यावर ती पळवाट बंद होते.

कर्झनचं परिपत्रक

या प्रवासांना सगळेच खूश नव्हते. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी परिपत्रक काढलं. संस्थानिकांनी उठसूट युरोपला जाऊ नये, जायचं तर सरकारची परवानगी घ्यावी. रोख कोणावर आहे, ते सांगायला नको होतं. सयाजीरावांना हा अपमान वाटला आणि त्यांनी तो गिळला नाही. पुढच्या काळात परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांशी त्यांच्या गाठीभेटी होतात, असा संशय इंग्रज सरकारला आला. १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांच्या मुजऱ्यावरून झालेलं प्रकरण सर्वश्रुत आहे.

कर्झन यांचा हेतू साम्राज्याचा होता, यात वाद नाही. राजाने जग बघावं, इतर देशांत माणसं कशी राज्य करतात हे बघावं, ही गोष्ट त्यांना परवडणारी नव्हती. पण परिपत्रकातला प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. राजा महिनोन्‌महिने परदेशी असेल तर राज्य कोण चालवतो? आजार, झोप न येणं, संधिवात या कारणांनी उत्तरायुष्यात महाराजांचे मुक्काम लांबत गेले. इंग्लंडमध्ये कवी टेनिसन यांचं ऑल्डवर्थ हे घरही त्यांनी विकत घेतलं होतं.

उत्तर अर्धं चांगलं आहे. दिवाण आणि कौन्सिल यांच्याकडे अधिकार वाटून दिलेले होते. नियम लिहिलेले होते. मनुभाई मेहता, व्ही. टी. कृष्णमाचारी यांच्यासारखे दिवाण होते. राजा गावात नसतानाही कचेरी चालत असेल तर ती कचेरी नीट बांधली आहे, असंच म्हणायला हवं. पण कचेरी चालते म्हणून घर चालतंच असं नाही.

घरातला हिशोब

इथे लिहिताना हात जड होतो. पण फक्त लायब्ररी आणि बँक मोजली आणि घर मोजलं नाही, तर तो हिशोब खोटा.

थोरले युवराज फत्तेसिंहराव ऑक्सफर्डला शिकले. जयसिंहराव हार्वर्डला. शिवाजीराव ऑक्सफर्डला. शिवाजीराव उत्तम क्रिकेट खेळत. १९११ मध्ये हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. त्याच संघात बाळू पालवणकरही होते. बडोद्याचे राजपुत्र आणि चांभार घरातला गोलंदाज एकाच संघात, ही त्या प्रवासाची एक सुंदर गोष्ट.

पण पुढे काय झालं? फत्तेसिंहराव सप्टेंबर १९०८ मध्ये गेले, पंचविशीत. बँक ऑफ बडोदा सुरू होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि त्यांचा मुलगा प्रतापसिंह तीन महिन्यांचाही नव्हता. शिवाजीराव १९१९ मध्ये गेले, एकोणतीस वर्षांचे. जयसिंहराव १९२३ मध्ये, पस्तिशीत. पंधरा वर्षांत तीन तरुण मुलं. मद्यपानाचा उल्लेख या कुटुंबाच्या हकिगतींत पुन्हा पुन्हा येतो. त्याचं खापर सरसकट ‘विलायती वाऱ्यांवर’ फोडणं मला पटत नाही. विलायतेला न गेलेल्या किती राजघराण्यांत हेच झालं. पण लहान वयात बोर्डिंग, आई-बाप एका खंडात आणि मूल दुसऱ्या, घरी आल्यावर करायला नेमकं काम नाही, कारण राज्य बाप चालवतोय. अशा मुलाला जग बघून आलेलं शहाणपण कुठे वापरायचं, हे कोणी सांगितलं असेल असं दिसत नाही.

राजकन्या इंदिरेची गोष्ट वेगळी. ती बडोदा कॉलेजात शिकली, जे त्या काळच्या राजकन्येसाठी नवलाचं होतं. आई-बापांबरोबर जग बघितलं. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांशी ठरलं होतं. शिंद्यांची एक राणी आधीच होती. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास इंदिरेची कूचबिहारच्या राजपुत्र जितेंद्र यांच्याशी गाठ पडली आणि तिने स्वतः पत्र लिहून ग्वाल्हेरचं लग्न मोडलं. शिंदे-गायकवाड ही दोन घराणी एकत्र येणार म्हणून सगळा मराठी सरंजाम आनंदात होता. त्या काळात हा केवढा स्फोट असेल, ते इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना मी सांगायला नको. पुढे माधवरावांचं दुसरं लग्न गोव्याच्या राणे घराण्यात झालं.

महाराज-महाराणींनी इंदिरेचा हट्ट सहज मान्य केला का? नाही. ज्या राजाने १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला, ज्या महाराणीने स्त्रियांच्या स्थानाबद्दल पुस्तक लिहिलं, त्यांनी मुलीला दोन वर्षं अडवून धरलं. दुसरी जात, दुसरा प्रांत, ब्राह्मो समाजाचं आणि विलायती वळणाचं घर. शेवटी १९१३ च्या ऑगस्टमध्ये लग्न लंडनला झालं. आई-वडील लग्नाला नव्हते.

यावर हसू नये. आपल्याकडे आजही असंच होतं. मुलीला बाहेर शिकायला पाठवायचं, स्वतंत्र विचार करायला शिकवायचं, आणि तिने तो आपल्याच घरात केला की अवाक व्हायचं. जग बघण्याने दुसऱ्याच्या घरातला नियम चटकन बदलता येतो. आपल्या घरातला फार उशिरा बदलतो.

खोली मिळाली नाही

सगळ्यांत मोठा हिशोब अजून राहिला आहे, आणि तो शहराचा आहे.

१९१३ मध्येच, ज्या वर्षी इंदिरेचं लग्न झालं, बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार. ते भीमराव आंबेडकर. महाराजांनी अमेरिका स्वतः बघितली नसती तर एका महार घरातल्या पदवीधराला इंग्लंडऐवजी अमेरिकेला पाठवायचं सुचलं असतं का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

१९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर करारानुसार बडोद्यात रुजू व्हायला आले. बडोद्याने खर्च करून शिकवलेला, कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. त्यांना या शहरात राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन बाहेर काढलं. कचेरीतही अस्पृश्यता पाळली गेली. काही दिवसांत त्यांना बडोदं सोडावं लागलं. कमाटी बागेतल्या झाडाखाली त्यांनी जो निश्चय केला, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

राज्यात तेव्हा अस्पृश्यांसाठी शाळा होत्या, वसतिगृहं होती, सक्तीचं शिक्षण होतं, गावोगाव लायब्ररीच्या पेट्या फिरत होत्या. राजाने जग बघितलं होतं. राणीने बघितलं होतं. पण शहराने बघितलं नव्हतं. कायदा बोटीतून आणता येतो, बँक आणता येते, काचेची फरशी आणता येते. शेजारच्या माणसाला भाड्याने खोली देण्याची दानत बोटीतून येत नाही. त्यासाठी पायलट प्लांट आपल्या वाड्यात काढावा लागतो, आणि तो बडोद्याच्या वाड्यांनी, त्यात दांडिया बाजारातले आमचे मराठी वाडेही आले, काढला नाही.

महाराजांच्या प्रवासाला मी म्हणूनच अपयशी म्हणणार नाही. ज्या माणसाला शहराने खोली नाकारली, त्याला कोलंबियापर्यंत नेणारा पैसा याच शहराच्या खजिन्यातला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच शहराच्या नावावर आहेत. वारसा सांगायचा तर दोन्ही सांगाव्या लागतील.

आपल्यासाठी

आज वडोदऱ्यातल्या मराठी घरांत एक तरी मूल बाहेरदेशी असतं. बेळगाव, इंदूर, हैदराबादलाही चित्र वेगळं नसेल. साठी ओलांडलेली जोडपी दरवर्षी टूर कंपनीबरोबर युरोप करून येतात. प्रवास आता राजांचा राहिला नाही, हे चांगलंच झालं. तेव्हा गायकवाडांचा धडा आता आपल्या सगळ्यांना लागू आहे. किती देश झाले, याला फार अर्थ नाही. तिकडचं एक लहानसं काही घेऊन, ते आपल्या गल्लीत चालवून बघितलं का, आणि आपल्यानंतर ते चालवणारा कोणी तयार केला का, एवढं विचारायचं.

शेवटी मंडळाच्या वाचकांना एक विनंती. महाराजांच्या दौऱ्यांत नोकर-चाकर, कारकून, खासगी सेवक असे कितीतरी लोक बरोबर असत. त्यांतले बरेच मराठी घरांतले होते. महाराजांचं इंग्रजी टपाल जपलं गेलंय, पण या माणसांनी लंडनहून, पॅरिसहून घरी काय लिहिलं, बोटीवर काय खाल्लं, परत आल्यावर जातीने त्यांना कसं वागवलं, हे आपल्याला फार थोडं माहीत आहे. आपल्या माळ्यावर, पणजोबांच्या ट्रंकेत अशी पत्रं, रोजनिशी, खर्चाची वही, फोटो असेल, मोडीत असलं तरी, तर रद्दीत घालण्याआधी एकदा बघा. मोडी वाचणारे आपल्या मंडळात आहेत. राजाचा प्रवास लिहून झाला. त्याच बोटीतून गेलेल्या आपल्या माणसांचा प्रवास अजून लिहायचा राहिला आहे.